एथनिक स्टडीज : "आपल्या मुलांना हे कशाला?"

गवतीचहा

आमच्या भागातल्या मराठी पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा बातमी फिरली : कॅलिफोर्निया सरकारने एथनिक स्टडीजसाठी (अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वंशसमूहांचा इतिहास शिकवणारा शाळेतला विषय) पैसेच ठेवले नाहीत, सक्ती टळली. खाली टाळ्यांची रांग. एकाने लिहिलं, "बरं झालं, तेवढ्या वेळात एक एपी जास्त होईल." (एपी म्हणजे हायस्कूलात घ्यायचे कॉलेजच्या पातळीचे कोर्स.) त्या गटावर वाद घालायची सोय नाही, मध्येच चकलीच्या ऑर्डरी येतात. म्हणून इथे धागा. मी या विषयाच्या बाजूने आहे, हे आधीच सांगून टाकते.

भारतातल्या वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी. ऑक्टोबर २०२१ मध्ये गव्हर्नर न्यूसम यांनी एबी १०१ या विधेयकावर सही केली. सरकारी हायस्कूलांनी २०२५-२६ पासून एका सेमिस्टरचा एथनिक स्टडीजचा कोर्स उपलब्ध करून द्यायचा, आणि २०२९-३० साली बाहेर पडणाऱ्या मुलांना तो पूर्ण केल्याशिवाय डिप्लोमा नाही. आफ्रिकन अमेरिकन, लॅटिनो, मूळ निवासी आणि आशियाई-पॅसिफिक अशी त्याची चार मुख्य अंगं. पण कायद्यात एक मेख होती : विधिमंडळाने निधी दिला तरच हे लागू. वर्षाला २७.६ कोटी डॉलर लागतील असा अंदाज होता. २०२५ च्या अर्थसंकल्पात दमडी ठेवली नाही. त्यामुळे आता ज्या डिस्ट्रिक्टांना (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) हा विषय शिकवावासा वाटतो ती शिकवतात, बाकीच्यांनी फाइल बंद केली.

हा विषय बर्कलीच्या कुणा प्राध्यापकाला रविवारी सकाळी सुचला असं आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं. तो रस्त्यावर मिळवलेला आहे. सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात ६ नोव्हेंबर १९६८ ला काळ्या, लॅटिनो आणि आशियाई विद्यार्थ्यांनी संप पुकारला, तो थेट मार्च १९६९ पर्यंत चालला. हंगामी अध्यक्ष हायाकावा स्वतः गाडीवर चढून विद्यार्थ्यांच्या लाउडस्पीकरच्या वायरी उपटत होते. शेकड्यांनी अटका झाल्या. त्यातून तिथे कॉलेज ऑफ एथनिक स्टडीज उभं राहिलं.

आता आपला संबंध. लेकीने नववीत हा कोर्स घेतला. एका संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर तिने सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचे उतारे पसरले होते. पहिला नोव्हेंबर १९२२ चा. ताकाओ ओझावा नावाचे जपानी गृहस्थ, बर्कलीत शिकलेले, घरात इंग्रजी बोलणारे. त्या काळी नागरिकत्व फक्त गोऱ्यांना आणि आफ्रिकन वंशाच्या लोकांना मिळे. ओझावा म्हणाले, माझी कातडी तुमच्यापैकी कित्येकांपेक्षा गोरी आहे. न्यायालय म्हणालं, कातडीचा प्रश्नच नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा. दुसरा निकाल भगतसिंग थिंद यांचा. अमृतसरकडचे शीख, पहिल्या महायुद्धात अमेरिकन लष्करात भरती झालेले. ते म्हणाले, उत्तम, वंशशास्त्रज्ञ आम्हाला कॉकेशियनच मानतात. न्यायालय म्हणालं, शास्त्रज्ञ काय म्हणतात त्याला महत्त्व नाही, साधा माणूस गोरा कोणाला समजतो ते बघायचं.

दोन्ही निकाल न्यायमूर्ती सदरलंड यांनीच लिहिलेले. लेकीने दोन्ही कागदांवर त्या नावाखाली पिवळी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं, "फक्त तीन महिने!!"

पुढे सरकारने आधीच नागरिक झालेल्या भारतीयांचं नागरिकत्व काढून घ्यायला सुरुवात केली. वैष्णो दास बगाई सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवत होते. नागरिकत्व गेलं तशी मालमत्ता हातची गेली, ब्रिटिश पासपोर्टवर प्रवास करायची वेळ आली. १९२८ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. कुठे? सॅन होजेत. आपल्या गटातली अर्धी मंडळी जिथे राहतात तिथेच. त्यांच्या पत्नी कला बगाई यांच्या नावाचा रस्ता आज बर्कलीत आहे. मी त्या परिसरात इतकी वर्षं राहते, हे मला नववीतल्या मुलीच्या गृहपाठातून कळलं. भारतात शिकलेल्या आपल्याला हे कोण सांगणार होतं? आणि इथल्या नेहमीच्या इतिहासाच्या पुस्तकात थिंद यांच्या वाट्याला फार तर एक ओळ येते.

ग्रीन कार्डच्या रांगेवर आपण प्रत्येक पार्टीत तासभर बोलतो. कुठल्या देशातून किती माणसं आत घ्यायची हा हिशेब या देशात कधीपासून मांडला जातोय, १९४६ मध्ये दार किलकिलं झालं तेव्हा अख्ख्या भारतासाठी वर्षाला १०० माणसांचा कोटा होता, हे मात्र मुलांना कळायची गरज नाही?

(अवांतर : थिंद यांचा निकाल १९ फेब्रुवारी १९२३ चा. जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना छावण्यांत धाडणारा रुझवेल्ट यांचा आदेश १९ फेब्रुवारी १९४२ चा. आपण त्या तारखेला मंडळात शिवजयंती करतो, पोवाडा होतो, जिलबी होते. तिथे या दोन गोष्टी पाच मिनिटं सांगायला काय हरकत आहे?)

टोणगा

वाचतोय. शंभरी गाठणार हा धागा.

अटकेपार

ताई, थिंदची गोष्ट छान सांगितलीत. पण ती इतिहासाच्या तासाला सांगा की! त्यासाठी वेगळा विषय, वेगळे शिक्षक, वेगळं बजेट कशाला? गणितात मुलं मागे पडतायत त्याचं काय?

दुसरं, तुमच्या मुलीला चांगला शिक्षक मिळाला. माझ्या मुलाचा अनुभव ऐका. डिस्ट्रिक्टचं नाव घेत नाही. पहिल्याच आठवड्यात वर्गात सगळ्यांना एक तक्ता दिला : तुमच्याकडे कुठले विशेषाधिकार आहेत त्यावर खुणा करा. कोण कुठल्या वंशाचा, कोणाचे आईबाप शिकलेले, कोणाचं स्वतःचं घर. मग बेरीज. चौदा वर्षांच्या मुलाला "तू जुलमी बाजूचा" असं बेरीज करून सांगायचं हा अभ्यास आहे का? शिक्षकांना विचारलं तर म्हणाले, चर्चा घडवायची होती.

आणि राज्याचा २०१९ चा पहिला मसुदा आठवतोय ना? ज्यूंना जागा नाही, उलट त्यांच्याबद्दल पूर्वग्रह असल्याची तक्रार. शीख नाहीत, हिंदू नाहीत, आर्मेनियन नाहीत. राज्याला तो स्वतःलाच परत घ्यावा लागला. सँटा ॲना डिस्ट्रिक्टने तर बंद दाराआड कोर्स बनवले, ज्यू संघटनांनी कोर्टात खेचलं आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तडजोड करून ते कोर्स थांबवावे लागले. ही सगळी हवा आहे का?

सदाफुली

अटकेपार, तुमच्या मुलाच्या तक्त्याबद्दल सहमत, तो प्रकार भिकार आहे. पण "बंद करा" म्हटल्यावर काय होतं ते ॲरिझोनात राहून बघितलंय, म्हणून लिहिते. लांबलचक होईल.

टूसॉनच्या सरकारी शाळांत १९९८ पासून मेक्सिकन अमेरिकन स्टडीज होतं. तिथली निम्म्याहून जास्त मुलं मेक्सिकन वंशाची. पूर्वजांच्या काळात हा मुलूखच मेक्सिकोचा होता, सीमा त्यांच्या अंगावरून सरकली. राज्याचे शिक्षणप्रमुख टॉम हॉर्न हात धुऊन या कार्यक्रमाच्या मागे लागले. मे २०१० मध्ये एचबी २२८१ हा कायदा झाला. सरकार उलथवायला शिकवणारे, एखाद्या वंशाबद्दल राग पेरणारे, एका गटासाठीच आखलेले वर्ग बंद. वाचायला किती छान! पुढचे शिक्षणप्रमुख हपेनथल यांनी बाहेरच्या तपासनिसांकडून या वर्गांची तपासणी करवली. तपासनिसांनी वर्गात बसून अहवाल दिला की कायदा मोडल्याचा पुरावा सापडत नाही. हपेनथलनी तो अहवाल बाजूला सारला आणि कायदा मोडलाच आहे असं स्वतः ठरवलं. डिस्ट्रिक्टचे कोट्यवधी डॉलर रोखायची धमकी दिली.

जानेवारी २०१२ मध्ये डिस्ट्रिक्टच्या बोर्डाने कार्यक्रम गुंडाळला. मग माणसं वर्गात आली आणि सात पुस्तकांच्या प्रती खोक्यांत भरून गोदामात नेल्या. काही वर्गांत मुलं बसलेली असताना.

विद्यार्थी कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये निकाल लागला : हा कायदा करण्यामागे आणि राबवण्यामागे वांशिक आकस होता, मुलांच्या घटनात्मक हक्कांचा भंग झाला. निकाल देणारे न्यायाधीश होते ए. वॉलेस ताशिमा. लहानपणी हे स्वतः पोस्टनच्या छावणीत डांबलेले होते, जपानी वंशाचे म्हणून. आणि पोस्टन आहे ॲरिझोनातच.

पण खटला जिंकेपर्यंत जी मुलं शाळेत होती ती बाहेर पडून कामाला लागली होती. एकदा मोडलेला कार्यक्रम निकालाने परत उभा राहत नाही. शिक्षक पांगले. आणि हॉर्नसाहेब? २०२२ ची निवडणूक जिंकून पुन्हा त्याच खुर्चीत बसले. तेव्हा टाळ्या वाजवताना जरा बघा, बाजूला कोण उभं राहून वाजवतंय.

टोणगा

सदाफुली, दंडवत. ताशिमांची गोष्ट सिनेमात दाखवली असती तर म्हणालो असतो, काहीही दाखवतात.

मेथीकूट

मी सरकारी शाळेत शिकवते, ईस्ट बेमध्ये. "इतिहासाच्या तासाला सांगा" याचं उत्तर शिक्षकाच्या बाजूने देते.

अकरावीच्या अमेरिकन इतिहासाला वर्षात यादवी युद्धानंतरपासून आजपर्यंत धावायचं असतं. दोन महायुद्धं, मंदी, शीतयुद्ध, परीक्षा. थिंदवर थांबायला मला पंधरा मिनिटं मिळतात, तीही फायर ड्रिल नसेल तर. स्वतंत्र विषय असला की थांबता येतं. एवढंच त्याचं खरं भांडवल आहे.

माझ्या वर्गातला एक धडा सांगते. १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे रंगीत नकाशे केले. हिरवा म्हणजे उत्तम वस्ती, मग निळा, पिवळा, आणि लाल म्हणजे कर्जाला धोकादायक. ओकलंड-बर्कलीचा नकाशा आज ऑनलाइन बघता येतो. मुलांना सांगते, आधी आपली शाळा शोधा, मग आपलं घर. प्रत्येक तुकड्याबरोबर मोजणीदाराने भरलेला फॉर्म आहे, त्यात "घुसखोरी" असा रकाना. तिथे लिहिलेलं असतं : निग्रो, ओरिएंटल. मुलं बोट ठेवून वाचतात. मग मी त्याच गल्ल्यांचा आजचा नकाशा देते : झाडं किती, हायवे कुठून गेला, दम्याचे रुग्ण कुठे जास्त. मी एक वाक्य बोलत नाही. पोरंच एकमेकांना दाखवायला लागतात. एका मुलाने विचारलं, "मिस, मग माझ्या आजोबांनी तिथे घर का घेतलं नाही असं मी त्यांना सारखं विचारायचो, त्यांना घेताच येत नव्हतं?" तो मुलगा आजोबांची मुलाखत रेकॉर्ड करून घेऊन आला. त्याआधी त्याने वर्षभर एकही गृहपाठ दिला नव्हता.

विशेषाधिकाराची बेरीज करणारा तक्ता मी कधी वापरला नाही, वापरणारही नाही. तो आळशी शिक्षकाचा धडा आहे. पण असे तक्ते का येतात? कारण बऱ्याच ठिकाणी पीईच्या नाहीतर इंग्रजीच्या शिक्षकाला ऑगस्टमध्ये सांगतात, या वर्षी तुला एथनिक स्टडीज घ्यायचंय. तयारी शून्य, पुस्तक नाही, मग तो इंटरनेटवरून जे मिळेल ते छापतो. २७.६ कोटी याच्यासाठीच हवे होते. पैसे न देता विषय वाईट शिकवला जातो म्हणायचं, म्हणजे पीठ न देता पोळी जाड झाली म्हणून ओरडण्यासारखं आहे.

वऱ्हाडी ठेचा

लय भारी चर्चा. आपल्या मराठी मंडळींची थोडी भर घालतो. १९१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतून भारतीय क्रांतिकारकांचं 'गदर' हे वृत्तपत्र निघायला लागलं, तेव्हा त्या चळवळीत आपल्याकडचेही होते. विष्णू गणेश पिंगळे, तळेगाव ढमढेरेचे, सिॲटलला इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. भारतात परतले, मेरठच्या छावणीत बॉम्बसह पकडले गेले आणि नोव्हेंबर १९१५ मध्ये लाहोरच्या तुरुंगात कर्तारसिंग सराभांबरोबर फाशी गेले. दुसरे आमच्या वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. अमेरिकेत शेती शिकले, पुढे मेक्सिकोत मक्यावर संशोधन केलं, दिएगो रिव्हेराने त्यांना भित्तिचित्रात रंगवलं. सिॲटलच्या मराठी पोराला पिंगळे माहीत नसतील तर वांदे आहेत राव.

निळी शाई

गवतीचहा, धागा चांगला आहे. पण थिंद सांगायचे तर पूर्ण सांगा.

थिंद यांच्या बाजूने न्यायालयात काय मांडलं गेलं? की हा उच्चवर्णीय हिंदू आहे (शीख असले तरी कागदोपत्री 'हिंदू'च), शुद्ध आर्य रक्ताचा. आणि पुढे : लग्नसंबंधाच्या बाबतीत अमेरिकन माणूस निग्रोकडे जसा बघतो, तसाच उच्चवर्णीय हिंदू भारतातल्या मूळ रहिवाशांकडे बघतो. म्हणजे आम्हीही तुमच्यासारखेच कोणाला तरी खाली ठेवतो, म्हणून आम्हाला आत घ्या. तरी घेतलं नाहीच. ही ओळ तुमच्या लेकीच्या उताऱ्यात होती का?

मला हा विषय हवाय तो यासाठी. त्यात आपण फक्त सोसणारे म्हणून येणार असू, तर तो गणपतीत लावायचा फ्लेक्स झाला. आपल्याकडच्या बऱ्याच संघटनांना अभ्यासक्रमात "भारतीय" हवेत, जात नको. २००५-०६ मध्ये सहावीच्या पुस्तकांवरून कॅलिफोर्नियात जो वाद झाला तोही यावरूनच : जात आणि स्त्रियांचं स्थान याबद्दलचा मजकूर सौम्य करा. २०२३ मध्ये जातिभेदाविरुद्धचं एसबी ४०३ दोन्ही सभागृहांत मंजूर झालं, न्यूसम यांनी नकाराधिकार वापरला. तेव्हाही टाळ्या.

आणि आपला संबंध काय म्हणता? जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. बाबासाहेब १९१३ ला कोलंबियात आले, आणि १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकन विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं. १९६६ ला ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर स्थापन झाली, १९७२ ला मुंबईत ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले यांची दलित पँथर. मेथीकूट ताई ज्या ओकलंडचा नकाशा दाखवतात तेच ओकलंड. ज्या मराठी माणसाला हे माहीत आहे, त्याला हा विषय परका वाटायचं कारण नाही.

गवतीचहा

निळी शाई, होती ती ओळ. शिक्षिकेने प्रश्नच तो दिला होता : थिंद वर्णभेदाविरुद्ध लढत होते की त्यात जागा मागत होते? लेकीने दोन पानं लिहिली आणि मग मला विचारलं, आपली जात कोणती. आमच्या घरात तो विषय कधी निघाला नव्हता. ज्यांच्या घरात न काढता चालतो त्यांच्याच घरात निघत नाही, हे तिने मला ऐकवलं. बरीच वादावादी झाली. आजी व्हिडिओ कॉलवर होत्या, त्यांनी तेवढ्यात "नेट जातंय" म्हणून फोन ठेवला.

त्याच खटल्यात थिंद यांचे एक वकील होते सखाराम गणेश पंडित. जन्म अहमदाबादचा, पण नाव सदाशिव पेठेतलं वाटावं असं. थिंद हरल्यावर सरकार त्यांचंही नागरिकत्व काढायला निघालं. ते स्वतःचा खटला लढले, सांगितलं की या नागरिकत्वाच्या भरवशावर मी वकिली केली, लग्न केलं, घर घेतलं. आणि जिंकले. त्यानंतर सरकारने बाकीच्या भारतीयांचा पिच्छा सोडला. अशी माणसं मुलांना भेटली पाहिजेत, त्यांच्या अहंकारासकट.

अटकेपार

ठीक आहे, टूसॉनचं मला इतकं तपशिलात माहीत नव्हतं. पुस्तकं खोक्यात भरणं मला मान्य नाही, स्पष्ट लिहितो. पण या विषयाचे समर्थक सारखा तो स्टॅनफर्डचा अभ्यास तोंडावर मारतात. हजेरी वाढली, गुण वाढले. तो फार थोड्या मुलांवरचा आहे आणि त्यावर संख्याशास्त्रज्ञांनी जोरदार टीका केलीय. त्यावर अख्ख्या राज्याला सक्ती?

गवतीचहा

तो अभ्यास मी मूळ धाग्यात मुद्दाम आणला नव्हता. सॅन फ्रान्सिस्कोत आठवीत गुणांची सरासरी (चारपैकी) २.० च्या खाली असलेल्या मुलांना नववीत हा कोर्स आपोआप लावला जायचा. संशोधकांनी रेषेच्या जरा खालची आणि जरा वरची मुलं ताडून बघितली. खालच्यांची हजेरी २१ टक्के-बिंदूंनी वर गेली, गुणांची सरासरी १.४ ने. २०२१ च्या पुढच्या अभ्यासात शाळा पूर्ण करण्याचं प्रमाणही वाढलेलं दिसलं. पण ती शाळा सोडण्याच्या काठावरची मुलं होती, शिकवणारे तयारीचे होते. कूपर्टिनोतल्या सगळे ए मिळवणाऱ्या मुलाची हजेरी यातून २१ ने वाढणार नाही, तो तसाही रोज जातो. त्यामुळे तुमची शंका रास्त आहे.

माझं समर्थन त्या आकड्यांवर उभंच नाही. भूमितीने हजेरी वाढते का हे आपण विचारत नाही. पंचविसेक मुलांच्या वर्गात मेक्सिकन, व्हिएतनामी, काळी, गोरी, आपली अशी सगळी बसतात. ती शेजारी का आली, कोण कधी आलं आणि कोण आधीपासून होतं, हे सरकारी शाळेत शिकवायचं नाही तर कुठे? घरी आपण फक्त आपलं सांगणार. मंदिरात, चर्चमध्ये त्यांचं त्यांचं. सगळ्यांची मुलं एका छपराखाली येतात ती हीच एक जागा.

अटकेपार

मग पालकांनी करायचं काय? गटावर लिहिलं तर राजकारण नको म्हणतात.

मेथीकूट

डिस्ट्रिक्टच्या बोर्डाच्या बैठकीला या. गंमत म्हणजे तुमच्या आक्षेपांची सोय एबी १०१ मध्येच होती : साहित्य सगळ्या वंशांच्या मुलांना वापरता येण्याजोगं हवं, त्यातून कुणाबद्दल द्वेष किंवा पूर्वग्रह पसरता कामा नये, धार्मिक मतप्रचार नको. शिवाय स्थानिक कोर्स आधी एका जाहीर बैठकीत मांडायचा, मंजुरी पुढच्या जाहीर बैठकीत, मध्ये लोकांना बोलायला वाव. सक्ती लटकली म्हणून बोर्डाने ही पद्धत आपणहून पाळू नये असं कुठेही नाही. ते मागा. आठवड्यानुसार धडे मागा, शिक्षकांना किती दिवसांचं प्रशिक्षण दिलं ते विचारा, तो तक्ता कोणी मंजूर केला तेही विचारा.

आमच्याकडे बोलायला माणशी दोन मिनिटं मिळतात. मागच्या बैठकीला विरोधात बोलणारे बरेच होते, बाजूने एक निवृत्त जपानी आजी आणि मी. मराठी कोणी नव्हतं.

अटकेपार

येतो. पण गणिताचंही बोलणार.

टोणगा

दोन मिनिटांत दोन्ही? मराठी माणूस प्रास्ताविकालाच चार घेतो.